बापाला म्यूट करणारी शहाणी पिढी

गेल्या आठवड्यात हापिसात जेवताना विषय निघाला. विषय नेहमीचाच, "घरी गेलं की पप्पा सुरू होतात." टेबलावर आम्ही सहा जण. पाच मुलगे, एक मुलगी. सगळे तिशीच्या अलीकडचे, सगळे इंजिनिअर, सगळे पुण्याबाहेरून आलेले. आणि सहाही घरांत सध्या सीन एकच. आईवडिलांचं राजकारण एका टोकाला, आपलं दुसऱ्या.

मग ज्याने त्याने आपापला फंडा सांगितला. एकाने फॅमिली ग्रुप आर्काइव्हला टाकलाय. दुसऱ्याने वडिलांनाच म्यूट केलंय, तेही "ऑलवेज" निवडून. तिसरा घरी बातम्या लागल्या की कानात इअरफोन घालतो आणि ऑनकॉल आहे म्हणून सांगतो. (याचा ऑनकॉल दर दिवाळीला येतो!) चौथा सगळ्यांत हुशार. तो प्रत्येक वाक्याला "हो ना पप्पा" म्हणतो आणि मोबाईल बघत बसतो. "ते काय आता बदलणार आहेत का? कशाला उगाच डोक्याला शॉट? घरी राजकारण नको, एवढं पाळलं की लाइफ सेट." यावर सगळ्यांच्या माना डोलल्या. माझीसुद्धा. सहावी काही बोलली नाही. तिच्याबद्दल नंतर सांगतो.

जागेवर येऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत काम होईना. मग लक्षात आलं की मला राग आलाय. त्यांचा कमी, माझ्या डोललेल्या मानेचा जास्त. कारण "घरी राजकारण नको" हा प्रयोग मी पूर्ण सहा आठवडे करून बघितलाय आणि तो किती भंगार आहे हे मला चांगलं माहीत आहे. तर आज स्पष्टच लिहितो. हे जे शहाणपण आपली पिढी मिरवत फिरतेय ते शहाणपण नाही, पळपुटेपणा आहे. आणि आदर तर त्यात औषधालाही नाही. तो आईवडिलांचा अपमान आहे, फक्त आवाज न करता केलेला.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुणी आदर्श चिरंजीव नाही हे क्लिअर होईल.

आम्ही मूळचे खटाव तालुक्यातले, राहायला साताऱ्यात. जातीने मराठा. पप्पा बी.कॉम., एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला तीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आरक्षण हा आमच्या घरचा जुना विषय. पप्पांचं मत दोन वाक्यांत मावतं. "मंडल आला आणि माझी बँकेची नोकरी गेली. आता सगळ्यांना दिलंय, तर आम्हालाही द्या." २०१६ च्या मूक मोर्चात ते साताऱ्यात शेवटपर्यंत चालले होते. ज्या माणसाने आयुष्यात कधी रांग मोडली नाही, तो माणूस झेंडा घेऊन रस्त्यावर उतरला होता. त्यांच्यासाठी ती छोटी गोष्ट नव्हती.

माझं मत वेगळं. हॉस्टेलवर माझा रूमपार्टनर त्याच्या अख्ख्या भावकीतला पहिला इंजिनिअर होणार होता. त्याच्या गावात त्याचं घर कुठल्या बाजूला आहे, लग्नाच्या पंगतीत त्याच्या आजोबांना कुठे बसवायचे, हे त्याने एकदा रात्री सांगितलं होतं. त्या रात्रीनंतर मला असं वाटायला लागलं की आरक्षण ही गरिबी हटवायची स्कीम नाही. ज्यांना पिढ्यान्पिढ्या दारात उभं केलं गेलं नाही, त्यांना आत घेण्याची ती सोय आहे. गरीब मराठा आहेतच, आमच्याच भावकीत आहेत. पण ज्या जिल्ह्यात कारखाना, बँक, झेडपी, सगळीकडे आपलीच आडनावं दिसतात तिथे आपणच स्वतःला मागास म्हणवून घ्यायचं, हे मला काही पटत नाही.

तर झालं असं. २०२५ चे गणपती. १ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजनाचा दिवस. मी सुट्टी टाकून घरी. टीव्हीवर आझाद मैदान. २९ ऑगस्टपासून मनोज जरांगे तिथे उपोषणाला बसलेले, आणि मागण्यांमध्ये हैदराबाद गॅझेटबरोबर आमचं सातारा गॅझेटही. म्हणजे विषय थेट ताटात येऊन पडलेला. पंगतीला पप्पा, काका, दोन चुलतभाऊ आणि मी. काकांनी हसत विचारलं, "काय म्हणतंय तुमचं पुणं?" मी गप्प बसायला हवं होतं असं आई आजही म्हणते. मी बोललो. पप्पा ऐकत होते. मग शांतपणे म्हणाले, "तू मेरिटवर शिकलास ना, म्हणून तुला हे सुचतंय."

इथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मेरिट? पप्पा, माझी सीट तुम्ही पाच लाख रोख मोजून घेतलीय. शेत विकून. ते कसलं मेरिट? तेही रिझर्वेशनच की. पैशाचं."

हे खरं होतं. २०१६ ला सीईटीत माझे मार्क यथातथाच होते. हवी ती ब्रँच हव्या त्या कॉलेजात कॅप राउंडला लागेना. मग मॅनेजमेंट कोटा आणि टेबलाखालून डोनेशन. महाराष्ट्रात डोनेशन घेणं १९८७ पासून कायद्याने गुन्हा आहे, पण त्या कॉलेजच्या ऑफिसात कुणालाच ते आठवत नव्हतं. पप्पांनी वीस गुंठे विकले. काकांना आजवर सांगितलं होतं की जमीन ताईच्या लग्नासाठी विकली.

आणि मी ते काकांसमोर बोललो. गौरीच्या जेवणात. पप्पांनी अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली, हात धुतले आणि गच्चीवर गेले. दुसऱ्या दिवशी सरकारने जीआर काढला, उपोषण सुटलं, गल्लीत फटाके वाजले. आमच्या घरात टीव्ही लागला नाही.

त्यानंतर सहा आठवडे आमच्याकडे "घरी राजकारण नको" हा नियम कडक पाळला गेला. फोनवर "पोचलास का", "जेवलास का", "पाऊस आहे का". एकदम आदर्श कुटुंब! आता या शांततेत काय काय झालं ते ऐका. त्याच महिन्यात माझं प्रोजेक्ट बंद झालं आणि मी बेंचवर आलो. मी घरी सांगितलं नाही. पप्पांनी डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. ते त्यांनी मला सांगितलं नाही. दोन्ही गोष्टी राजकारणातल्या नव्हत्या. पण एक विषय कुलूप लावून ठेवला की शेजारच्या खोल्या आपोआप बंद व्हायला लागतात, हे मला तेव्हा कळलं. ज्या माणसाला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते सांगता येत नाही, त्याला तुमच्या खिशात काय चाललंय तेही सांगता येत नाही.

म्हणून "शांतता" हा पहिला मुद्दा निकालात. ती शांतता नसते. सर्व्हर डाउन आहे म्हणून एरर येत नाहीयेत, एवढंच.

दुसरा मुद्दा, सगळ्यांचा लाडका. "ते आता बदलणार नाहीत." बरं. मला सांगा, तुमच्या वडिलांनी साठाव्या वर्षी यूपीआय शिकलं की नाही? आईने व्हिडिओ कॉल शिकला की नाही? ज्या बापाने तुम्हाला मुलगी बघायला एकटं जाऊ दिलं नसतं, तो आज "तुझं तू ठरव" म्हणतो की नाही? माणसं बदलतात. आपण त्यांच्याशी बोलायचा कंटाळा करतो आणि कंटाळ्याला "ते बदलणार नाहीत" असं भारदस्त नाव देतो. आणि हे बोलताना एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते, की बदलायचंय ते त्यांनी. आपण फायनल व्हर्जन!

तिसरा, "त्यांना बीपी आहे, कशाला त्रास द्यायचा." हा मला सगळ्यांत जास्त झोंबतो, कारण यात प्रेमाचा आव आहे. ज्या माणसाने तीस वर्षं घर चालवलं, कर्ज फेडलं, तुमच्यासाठी रात्री एक वाजता कॅप राउंडचे फॉर्म भरले, त्याला तुम्ही आता एक साधा मतभेद झेपणार नाही असं ठरवून टाकता? हा तर त्याला जिवंतपणी पेशंट करण्याचा प्रकार झाला. जपून बोला ना, कोण नाही म्हणतंय. पण जपून बोलणं वेगळं आणि न बोलणं वेगळं.

आपण लोक दिवसभर काय करतो? कोड रिव्ह्यू. ज्याच्या कामाबद्दल आपल्याला आदर असतो त्याच्या कोडवर आपण वीस कमेंट टाकतो, "हे का?", "इथे फुटेल", "हे परत बघ." ज्याच्याकडून काही अपेक्षाच नसते त्याला न वाचता एलजीटीएम लिहून अप्रूव्ह करतो. "हो ना पप्पा" हा तोच एलजीटीएम आहे. आता सांगा, यात आदर कुठला?

पण हे सगळं झालं मौन का वाईट त्याबद्दल. वाद का चांगला, हे मला दिवाळीत कळलं.

सहा आठवड्यांत मी एक उद्योग केला होता. पप्पांचं पहिलं वाक्य, "मंडल आला आणि माझी नोकरी गेली", हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते खरं आहे का हे मी कधी तपासलंच नव्हतं. त्यांच्या विरोधात बोलायचो, तेव्हाही हे वाक्य मी खरं धरूनच बोलायचो. आता तारखा काढल्या. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करायची घोषणा विश्वनाथ प्रताप सिंह यांनी केली ७ ऑगस्ट १९९० ला. देशभर आंदोलन पेटलं. १ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. इंद्रा साहनी खटल्याचा निकाल लागला १६ नोव्हेंबर १९९२ ला. त्यातच ती ५० टक्क्यांची मर्यादा आली. आणि केंद्राच्या नोकऱ्यांत ओबीसींचं २७ टक्के आरक्षण प्रत्यक्ष सुरू झालं सप्टेंबर १९९३ मध्ये.

पाडव्याच्या दिवशी पप्पा म्हणाले गावाला जाऊन येऊ, वाड्यात दिवा लावू. गाडी मी चालवत होतो, ते मागे. रस्ताभर दोघंही गप्प. दिवा लावून परत फिरताना ते म्हणाले, "थांबव जरा." विकलेल्या वीस गुंठ्यांचा बांध होता. तिथे आता दुसऱ्याचं आलं उभं होतं, चांगलं कमरेएवढं. पहिल्यांदा मी माफी मागितली, काकांसमोर बोलल्याबद्दल. बोललेल्या मुद्द्याबद्दल नाही मागितली. त्यांनी मान हलवली. मग मी विचारलं, "पप्पा, तुमची ती बँकेची परीक्षा कधीची?"

"एक्याण्णवची."

मी तारखा सांगितल्या. सावकाश, मोबाईल न काढता. दलित-आदिवासींचं आरक्षण बँकांत आधीपासून होतं, पण मंडलचं तुमच्या परीक्षेनंतर दोन वर्षांनी लागू झालं, म्हटलं. ते बराच वेळ आल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझी तारीख बरोबर असंल. पण नोकरी नाही लागली हे तर बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग कशानं गेली?"

आता इथे काय बोलणार? मी म्हटलं, "मला नाही माहीत. मार्क कमी पडले असतील." मनात म्हटलं, संपलं, पुढचे सहा महिने गेले. तर पप्पा हसले! म्हणाले, "पडले असतील. माझं इंग्लिश कच्चंच होतं लेका."

चौतीस वर्षं. चौतीस वर्षं तो माणूस एका चुकीच्या तारखेवर राग धरून बसला होता आणि घरातल्या कुणीच, मी धरून, त्यांना एकदाही साधं विचारलं नव्हतं की परीक्षा कधीची होती. आम्ही "हो ना पप्पा" म्हणत होतो.

पण थांबा. ही माझ्या विजयाची गोष्ट नाही. कारण मग ते म्हणाले, "आता माझं ऐक." आणि त्यांनी मला तिथे बांधावर बसून तीन मुद्द्यांत साफ केला.

पहिला. "शेत विकून सीट घेतली, ते मेरिट नाही म्हणतोस. मान्य. पण आपल्याला सवलत असती तर शेत राहिलं असतं का नाही? मग मी मागतोय ते काय चुकीचं मागतोय?" मी म्हटलं, ही मागणी आरक्षणाची नाही, स्वस्त कॉलेजांची आहे. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली तेव्हापासून इंजिनिअरिंग पैशावर गेलं, भांडायचं तर तिथे भांडा. पप्पा म्हणाले, "भांडलो असतो. पण त्या कॉलेजांचे मालक कोण? आपलेच. त्यांच्याशी भांडायला तू येतोस का?" हे माझ्याच "सगळीकडे आपलीच आडनावं" या मुद्द्याचं दुसरं टोक होतं. ते मी कधी त्या बाजूने बघितलंच नव्हतं. आडनाव कारखान्यावर असतं, बांधावरच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

दुसरा. "शाहू महाराजांनी १९०२ ला पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्यात मराठे होते का नव्हते?" होते. २६ जुलै १९०२ च्या त्या आदेशात मागास म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि तशा पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे. मी म्हटलं, ते १९०२ होतं. त्यानंतर सव्वाशे वर्षं झाली, सत्ता कुणाकडे होती बघा. २०२१ साली सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं ना, की मर्यादा ओलांडण्याइतकी अपवादात्मक परिस्थिती नाही. ते म्हणाले, "कोर्टाने २०२२ ला दहा टक्के ईडब्ल्यूएस चालवून घेतलं, तेव्हा कुठे गेली मर्यादा?" हा मुद्दा बरोबरीत सुटला असं मी मानतो. ते मानत नाहीत.

तिसरा मात्र आरपार गेला. "तुझ्या कंपनीत आरक्षण आहे?" नाही. खाजगी कंपन्यांना तसा कायदाच नाही. "मग तू दुसऱ्यांच्या वाट्याचं एवढं बोलतोस, ते तुला परवडतं म्हणून. तुझ्या ताटातलं काय जाणार आहे? आणि तू जी पोरं लावलीस तुझ्या कंपनीत, ती कोण होती?"

पाच वर्षांत मी सात जणांना रेफर केलं. चार लागले, चारही वेळा बोनस घेतला. परतीच्या रस्त्यात गाडी चालवताना सातही नावं मनात मोजली. दोन शाळेतले, तीन कॉलेजातल्या आमच्याच ग्रुपमधले, एक मावसभाऊ, एक त्याचा मित्र. तो हॉस्टेलचा रूमपार्टनर, ज्याच्यामुळे माझी मतं बदलली म्हणून मी सगळीकडे सांगत असतो, त्याला मी रेफर केलं नव्हतं. त्याने कधी विचारलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही. च्यायला, याला काय म्हणायचं?

आता माझा खरा मुद्दा येतो. इंटरनेटवर मी आरक्षणावर किती जणांशी भांडलो असेन! शेकडो. लिंका, आलेख, स्क्रीनशॉट. त्यातला एकही माणूस मला हा प्रश्न विचारू शकला नाही, कारण माझी सीट कशी आली आणि माझे रेफरल कुणाकडे गेले हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. पप्पांना माहीत होतं. आणि त्यांनी परीक्षा कोणत्या साली दिली, वीस गुंठे कशासाठी विकले, हे टीव्हीवरच्या एकाही अँकरला माहीत नव्हतं. मला होतं. घरचा वाद ही एकच अशी जागा आहे जिथे दोन्ही बाजूंना एकमेकांची वही-खाती तोंडपाठ असतात. तिथे थापा मारता येत नाहीत. बाहेर आपण सगळे तत्त्वनिष्ठ असतो, घरी आपला हिशेब निघतो. म्हणून घरचा वाद नको वाटतो. वडिलांच्या बीपीची काळजी वगैरे सब झूट. आपली वही उघडली जाईल ही भीती असते.

असो. हे सगळं लिहिताना एक गोष्ट खटकत होती. "आईवडिलांचं राजकारण" म्हणायचं आणि बोलायचं फक्त वडिलांबद्दल. त्या संध्याकाळी घरी येऊन आम्ही दोघं परत त्याच विषयावर, पण आता हसत भांडत होतो. आई आतून म्हणाली, "माझं मत कुणी विचारलंच नाही." आम्ही दोघंही बावळटासारखे बघत बसलो. मग ती सुरू झाली. "माझी बहीण सरपंच झाली ती महिला राखीव होतं म्हणून. तेव्हा हेच गुलाल घेऊन सगळ्यांच्या पुढं होते. तेव्हा नाही आठवलं मेरिट?" पप्पा गप्प. (महाराष्ट्रात पंचायतींत बायकांना निम्म्या जागा २०११ पासून. त्याआधी एक तृतीयांश.) मला हसू आलं तर माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काय हसतोस? गौरीदिवशी तुमचं भांडण झालं, त्या पुरणपोळ्या मी दुपारी चारला एकटी बसून खाल्ल्या, गार. स्वयंपाकघरातली जागा कुणाला राखीव आहे ते बघ आधी."

आता बोला!

आता त्या सहावीबद्दल. चहाला तिला एकटीला गाठून हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल वा वा. ती म्हणाली, "तुला परवडतं रे. तू भांडलास तर पप्पा जेवण टाकून गच्चीवर जातात. मी भांडले तर माझी नोकरी सुटते आणि स्थळं बघायला सुरुवात होते." तिचा मित्र वेगळ्या जातीचा आहे. घरी तिने जातीवर तोंड उघडलं की त्यातून काय काय अर्थ निघतील हे तिला नीट ठाऊक आहे. म्हणून ती गप्प राहते आणि पैसे साठवते.

ती बरोबर आहे. जिथे मत मांडायची शिक्षा म्हणून मोबाईल काढून घेतला जातो, लग्न लावलं जातं, मारलं जातं, तिथे वाद नसतो, तिथे सत्ता असते. तिथे आधी स्वतःच्या पायावर सुखरूप उभं राहायचं, वादाचं नंतर बघायचं. माझं हे सगळं लेक्चर तिच्यासाठी नाही. ते आम्हा उरलेल्या पाच जणांसाठी आहे, ज्यांचं घरी बोलल्याने काहीही बिघडत नाही. फार तर एक जेवण बिघडतं. आम्ही पाच जण मात्र तिच्या नाइलाजाला आपला फंडा म्हणून वापरतो, याची मला जास्त लाज वाटली.

शेवटी फॉरवर्डबद्दल, कारण कुणीतरी म्हणणारच की तुझे पप्पा निदान स्वतःचं बोलतात, आमचे दिवसभर फॉरवर्ड पाठवतात. मान्य, पाठवतात. आमचेही पाठवतात. पण आपण काय वेगळं करतो? दोन तासांचा पॉडकास्ट ऐकून त्यातली तीन वाक्यं आपली म्हणून ठोकतो. फरक एवढाच की त्यांच्या फॉरवर्डवर गुलाबाचं फूल असतं, आपल्यावर लोगो. मी हल्ली एकच करतो. फॉरवर्ड आला की फॅक्टचेकची लिंक फेकून मारत नाही. फोन लावतो आणि विचारतो, "पप्पा, हे तुम्हाला का पटलं?" दहापैकी सहा वेळा ते म्हणतात, "मी नीट वाचलंच नव्हतं." उरलेल्या चार वेळा मागे काहीतरी निघतं. एखादी जुनी जखम, एखादा साहेब, एखादा न मिळालेला दाखला. त्यावर बोलता येतं. आणि त्यांनाही मी परवानगी दिलीय, मी काही मोठं तत्त्वाचं बोललो की मला विचारायचं, "हे तू कुठं ऐकलंस?" फार त्रास होतो. आईशप्पथ.

आमचं एकमत झालंय का? अजिबात नाही. ते अजून म्हणतात आम्हालाही द्या, मी अजून म्हणतो आपलं ते नाही. मंडलचं वाक्य मात्र त्यांनी सोडलं. दिवाळीनंतर एकदाही ऐकलं नाही. मी त्या रूमपार्टनरला फोन केला. पाच वर्षांनी. तो बंगळूरला आमच्यापेक्षा चांगल्या कंपनीत आहे, त्याला माझ्या रेफरलची काडीची गरज नाही. तेही त्याने हसून सांगितलं, आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं. बेंचवर असल्याचं पप्पांना सांगितलं. त्यांनी डोळ्याची तारीख घेतली.

उद्या रविवार. सकाळच्या विनाथांब्याने साताऱ्याला चाललोय. २०२४ च्या दहा टक्क्यांच्या कायद्याबद्दलचं एक कात्रण पप्पांनी लाल बॉलपेनने खुणा करून ठेवलंय आणि काल फोनवर सांगितलं, "वाचून ये. मागच्या वेळेसारखं हवेत बोलू नको." आईने दोघांनाही बजावलंय की वाद घालायचा तर भांडी घासता घासता घाला.